होर्मुझवर पडलेला ग्लोबल हॉक: उंचीच्या भरवशावर बांधलेल्या टेहळणी विमानाचे प्रकरण

२० जून २०१९ रोजी, इराणच्या घड्याळात पहाटेचे ४ वाजून ५ मिनिटे झाली असताना, होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ अमेरिकी नौदलाचे एक मानवरहित टेहळणी विमान इराणी क्षेपणास्त्राने पाडले. पहिल्या बातम्यांत ते नौदलाचे नवे टेहळणी ड्रोन एमक्यू-४सी ट्रायटन असल्याचे छापून आले. प्रत्यक्षात ते त्याचे जुने भावंड होते, आरक्यू-४ए ग्लोबल हॉक. समुद्रावरच्या टेहळणीसाठी फेरफार केलेल्या या विमानाला नौदलात बॅम्स-डी म्हणत. ड्रोन म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे छोटे यंत्र येते, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. पंखांचा विस्तार ३५.४ मीटर, म्हणजे जवळपास बोईंग ७३७ या प्रवासी विमानाइतका. उड्डाणाच्या वेळचे वजन बारा टनांच्या आसपास. किंमत दहा कोटी डॉलरहून अधिक.

विमान कोणते, वेळ कोणती, क्षेपणास्त्र कोणाचे, यांपैकी कशावरही दोन्ही देशांत वाद नव्हता. वाद होता तो फक्त जागेचा: विमान इराणच्या हद्दीत होते की बाहेर. त्या वादावर भरपूर लिहिले गेले आहे आणि तो खाली येईलच. पण टेहळणी ड्रोनचा अभ्यास करणाऱ्याने या प्रकरणाकडे आणखी एका प्रश्नासाठी पाहायला हवे. जगातल्या सर्वांत सक्षम टेहळणी विमानांपैकी एक असलेले हे यंत्र एका क्षेपणास्त्रापुढे इतके असहाय का ठरले? यंत्रात बिघाड नव्हता, चालकांनी चूक केली असेही कोणी म्हटले नाही. उत्तर १९९०च्या दशकातल्या आराखड्यात आहे.

जोडीसाठी रेखाटलेले विमान

१९९१च्या आखाती युद्धात अमेरिकी सेनापतींना एक गोष्ट फार जाणवली. उपग्रह ठरावीक वेळी डोक्यावरून जातो आणि निघून जातो. वैमानिक असलेले टेहळणी विमान काही तासांनी परतते. एकाच प्रदेशावर दिवस-रात्र नजर ठेवील असे साधन त्यांच्याकडे नव्हते. इराकची फिरती स्कड क्षेपणास्त्रे शोधताना ही उणीव उघडी पडली.

त्यातून १९९०च्या दशकाच्या मध्यावर दोन मानवरहित विमानांची योजना आखली गेली. एक, ‘टियर टू प्लस’: खूप उंच उडणारे, खूप वेळ टिकणारे, जड उपकरणे वाहणारे, पण लपण्याची फारशी सोय नसलेले. दुसरे, ‘टियर थ्री मायनस’: आवाका कमी, पण रडारला सहज न दिसणारे. धोका नसलेल्या किंवा थोडाच धोका असलेल्या आकाशात पहिल्याने राहायचे, शत्रूच्या संरक्षित आकाशात दुसऱ्याने घुसायचे, अशी कामाची वाटणी होती. पहिल्याचा पुढे ग्लोबल हॉक झाला. दुसरे डार्कस्टार.

डार्कस्टारचे पुढे काय झाले हे ठाऊक असल्याशिवाय होर्मुझचे प्रकरण नीट कळत नाही. एप्रिल १९९६ मध्ये दुसऱ्याच उड्डाणात पहिले डार्कस्टार कोसळले. सुधारित विमान उडाले, पण जानेवारी १९९९ मध्ये प्रकल्पच बंद केला गेला. ग्लोबल हॉक मात्र २८ फेब्रुवारी १९९८ रोजी कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावरून प्रथम उडाले आणि टिकले. एप्रिल २००१ मध्ये त्याने प्रशांत महासागर न थांबता ओलांडला आणि ते ऑस्ट्रेलियात उतरले. तेरा हजार किलोमीटरहून जास्त अंतर, आत कोणी नाही. जोडीतला लपणारा अर्धा भाग नाहीसा झाला, आणि उघड्यावर राहणाऱ्या अर्ध्या भागाकडे हळूहळू दोघांचीही कामे आली. माझ्या मते या प्रकरणाचे मूळ इथे आहे.

पैशाची बाजूही आराखड्यात सुरुवातीपासून होती. प्रत्येक विमान एक कोटी डॉलरमध्ये मिळावे, अशी १९९४च्या डॉलरमध्ये मर्यादा घातलेली होती. या मर्यादेमागे विचार असा, की विमान स्वस्त असेल तर एखादे गमावले तरी चालेल. पुढे उपकरणे वाढत गेली, विमानांची संख्या घटत गेली, आणि किंमत मूळ मर्यादेच्या कितीतरी पट झाली. ‘गमावले तरी चालेल’ हे गृहीतक निघून गेले. त्या गृहीतकावर बेतलेला सांगाडा तसाच राहिला.

उंचीची किंमत

ग्लोबल हॉकची ताकद एका आकड्यात आहे: ६०,००० फूट, म्हणजे सुमारे १८ किलोमीटर उंची. प्रवासी विमाने १०-१२ किलोमीटरवर उडतात. ढग, वादळे, वाहतूक, सगळे खाली राहते. इतक्या उंचीवरून क्षितिज साधारण ४८० किलोमीटर दूर असते.

पण त्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम एक दशांश इतकी विरळ असते. विरळ हवेत तरंगायचे आणि इंधनही कमी जाळायचे, तर पंख लांब आणि अरुंद हवेत. ग्लोबल हॉकच्या पंखाची लांबी त्याच्या सरासरी रुंदीच्या पंचवीस पट आहे. असे प्रमाण एरवी ग्लायडरमध्ये दिसते. पंख कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचे, धड अॅल्युमिनियमचे. उड्डाणाच्या वेळी निम्म्याहून अधिक वजन एकट्या इंधनाचे असते, आणि त्यावर विमान तीस तासांहून जास्त वेळ हवेत राहते. इंजिन रोल्स-रॉइसचे, एम्ब्रेअरच्या छोट्या प्रवासी जेटमध्ये जे इंजिन आहे त्याच घराण्यातले. ते धडाच्या वर, मागच्या बाजूला बसवले आहे आणि शेपूट इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी आहे. या मांडणीमुळे इंजिनाचे तोंड जमिनीवरून थेट दिसत नाही, उष्णताही थोडी झाकली जाते. लपण्याची तजवीज म्हणावी तर इतकीच.

या सगळ्याची किंमत चपळाईत मोजावी लागते. वेग ताशी सहाशे किलोमीटरच्या आसपास. इतके लांब, इंधनाने भरलेले पंख जोरात वळण घेण्यासाठी बांधलेलेच नसतात. शिवाय विरळ हवेत फार हळू गेले तर उचल संपते आणि फार वेगाने गेले तर ध्वनीच्या वेगाजवळचे त्रास सुरू होतात. मधली सुरक्षित पट्टी अरुंद असते. झटकन खाली सूर मारणे, तीव्र वळण घेऊन क्षेपणास्त्राला चकवणे हे या विमानाच्या शब्दकोशात नाही.

मूळ आराखड्यात बचावाचा विचार केलाच नव्हता असे नाही. शत्रूच्या रडारचा झोत पडल्याचे सांगणारा ग्राहक (रिसीव्हर), रडारला गोंधळात टाकणारे जॅमर, आणि विमानामागे दोरीने ओढले जाणारे फसवे लक्ष्य, अशी साधने संकल्पनेत होती. पण त्यांच्याही आधीचा, पहिला उपाय होता मोहिमेचा मार्ग आखणे: क्षेपणास्त्रांचे तळ कुठे आहेत ते पाहायचे आणि त्यांच्या पल्ल्याबाहेरून जायचे. बचावाची सारी भिस्त अंतरावर होती.

नाकावरचा फुगवटा हे या विमानाचे सर्वांत ओळखीचे लक्षण. त्यात सुमारे सव्वा मीटर व्यासाची उपग्रहाकडे वळणारी तबकडी आहे. तिच्यातून छायाचित्रे बाहेर जातात आणि आज्ञा आत येतात. वैमानिक हातात दांडा धरून हे विमान उडवत नाही. मार्ग आधीच टप्प्याटप्प्याने भरलेला असतो आणि विमान तो स्वतः पाळते. जमिनीवरचा चालक माऊस आणि कीबोर्डने बदल सुचवतो. उड्डाण आणि उतरणे धावपट्टीजवळची एक तुकडी सांभाळते, बाकी मोहीम हजारो किलोमीटर दूरची दुसरी. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असल्याने आज्ञा देऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो. या कामात तो अडचणीचा नाही, कारण हातघाईची वेळ येणार नाही असेच धरलेले आहे.

बाहेरून आज्ञा आणणारा दुवा हाच जीव आणि हाच धोका, हे या विमानाच्या इतिहासात फार लवकर दिसले. मार्च १९९९ मध्ये दुसऱ्या एका तळावर चाचणीसाठी ‘उड्डाण संपवा’ हा संकेत प्रसारित होत होता. हवेत असलेल्या एका ग्लोबल हॉकने तो आपल्यासाठीच आहे असे समजून पाळला, आणि विमान नष्ट झाले.

ते काय पाहते

पोटातली उपकरणे हेच या विमानाच्या अस्तित्वाचे कारण. मुख्य उपकरण म्हणजे सिंथेटिक अॅपर्चर रडार. विमान पुढे सरकत असताना रडार सतत लहरी सोडते आणि प्रत्येक जागेवरून आलेले प्रतिध्वनी साठवते; संगणक ते एकत्र जुळवतो. परिणाम असा, की जणू कित्येक मीटर लांबीचा मोठा अँटेना वापरला आहे. ढग, धूर, रात्र यांनी त्याला फरक पडत नाही. एखाद्या ठिकाणावर रोखून पाहिले तर फूटभर आकाराचे तपशील वेगळे दिसतात. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे अंतर वाढले तरी चित्राचा बारकावा फारसा घटत नाही. सुमारे दोनशे किलोमीटर दूरवरूनही ती काम देते. कॅमेऱ्याचे तसे नाही. दृश्य आणि अवरक्त कॅमेऱ्यांना अंतर, धूळ आणि दमट हवा या तिन्ही गोष्टी भोवतात, आणि आखातातल्या जून महिन्यात तिन्ही मुबलक असतात.

जमिनीवर पाहणे आणि समुद्रावर पाहणे यांत मोठा फरक आहे. इमारत जागची हलत नाही. जहाज पुढेही जाते आणि लाटांवर डोलतेही. म्हणून बॅम्स-डीमध्ये समुद्रासाठीच्या रडार पद्धती घातल्या गेल्या. त्यांतली एक विशेष सुंदर आहे. तिच्यात विमानाच्या नव्हे, जहाजाच्या हालचालीचा उपयोग करतात. जहाज डोलते तेव्हा डोलकाठीचे टोक जास्त वेगाने सरकते, कठडा कमी. प्रतिध्वनीतल्या त्या वेगाच्या फरकांवरून जहाजाची आकृती रडारच्या पडद्यावर उमटते, आणि तेलवाहू कोणते, युद्धनौका कोणती, हे दूरवरून ओळखता येते. जोडीला जहाजे स्वतःची ओळख प्रसारित करतात ते संकेत टिपणारा ग्राहक, आणि रडारांचे उत्सर्जन ऐकणारी उपकरणे. ओळख सांगणारे जहाज आणि ओळख न सांगता फिरणारे जहाज यांची यादी पडताळत बसणे हे या विमानाचे रोजचे काम.

हे विमान २००९ मध्ये मध्यपूर्वेत गेले ते सहा महिन्यांच्या प्रयोगासाठी. प्रयोग दहा वर्षांहून जास्त चालला. हवाई दलाची जुन्या बनावटीची ही थोडीशी विमाने, उड्डाणासाठी संयुक्त अरब अमिरातीतला तळ, मोहिमेचा ताबा मेरीलँडमधील पॅटक्सन्ट रिव्हर इथून. जून २०१२ मध्ये त्यांतले एक मेरीलँडमध्येच कोसळले. ट्रायटन तयार होईपर्यंतची ही सोय होती. ट्रायटन लांबत गेले आणि सोय कायमची होऊन बसली. ज्या यंत्राला सर्वजण ‘प्रायोगिक’ म्हणतात, त्याच्यावर जगातल्या सर्वांत नाजूक जलमार्गाची पाळत सोपवलेली होती.

जून २०१९

८ मे २०१८ रोजी अमेरिका इराणच्या अणुकरारातून बाहेर पडली. वर्षभरात निर्बंध कडक झाले. १२ मे २०१९ रोजी संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा बंदराजवळ चार जहाजांचे नुकसान करण्यात आले. १३ जूनला ओमानच्या आखातात ‘कोकुका करेजस’ आणि ‘फ्रंट अल्टेअर’ या तेलवाहू जहाजांवर स्फोट झाले. अमेरिकेने बोट इराणकडे दाखवले, इराणने नाकारले.

ड्रोनवरचा वारही याच पंधरवड्यात सुरू झालेला होता. ६ जूनला येमेनवर हूथी बंडखोरांनी अमेरिकेचे एक एमक्यू-९ हे मानवरहित विमान पाडले. १३ जूनला जळत्या तेलवाहू जहाजाजवळ घिरट्या घालणाऱ्या दुसऱ्या एमक्यू-९वर इराणकडून क्षेपणास्त्र सुटले आणि ते चुकले, असे अमेरिकी लष्कराने सांगितले. म्हणजे २० तारखेचा मारा अनपेक्षित म्हणता येणार नाही. आठवडाभर आधी समोरच्याने हेतू दाखवून दिला होता. अशा वेळी अंतरावर विसंबलेल्या विमानाचे अंतर वाढवायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

इराणच्या म्हणण्यानुसार विमान मध्यरात्रीनंतर १२ वाजून १४ मिनिटांनी आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरून उडाले, ओळख सांगणारी यंत्रणा बंद करून होर्मुझमार्गे चाबहारच्या दिशेने गेले, आणि परतताना इराणी किनाऱ्यावरच्या कूह-ए-मुबारकजवळ इराणी हद्दीत शिरले. रेडिओवरून वारंवार इशारे दिल्याचा दावा रिव्होल्युशनरी गार्डच्या हवाई-अवकाश दलाचे तत्कालीन प्रमुख अमीर अली हाजीजादेह यांनी केला. अमेरिकेच्या मध्य कमांडच्या म्हणण्यानुसार विमान पूर्ण वेळ आंतरराष्ट्रीय आकाशात होते, इराणी किनाऱ्यापासून ३४ किलोमीटर दूर.

मारा केला तो ‘सेव्वोम-ए-खोर्दाद’ या प्रणालीने. २०१४ मध्ये जाहीर झालेली ही इराणी बनावटीची प्रणाली ट्रकवर बसवलेली आहे. रडार आणि क्षेपणास्त्रे एकाच वाहनावर. ती रस्त्यावरून फिरते, थांबते, मारा करते आणि निघून जाते. काल जिथे तळ नव्हता तिथे आज तो असू शकतो. आधीच मार्ग आखून धोका टाळण्याच्या पद्धतीला हा सरळ छेद आहे. इराणी दाव्यानुसार तिची क्षेपणास्त्रे २५ किलोमीटरहून जास्त उंची गाठतात. ग्लोबल हॉकच्या कमाल उंचीपेक्षा ही बरीच जास्त आहे.

गणित कठीण नाही. ध्वनीच्या तिप्पट वेगाचे क्षेपणास्त्र चाळीस किलोमीटर अंतर साधारण पाऊण मिनिटात कापते. तेवढ्या वेळात ग्लोबल हॉक सात-आठ किलोमीटर पुढे सरकते, तेही जवळपास सरळ रेषेत. मेरीलँडमधल्या चालकाला मारा कळला आणि त्याने ताबडतोब आज्ञा दिली, असे धरले तरी विमानाकडे करण्यासारखे काही उरत नाही.

उंची हे चिलखत नव्हे, हे त्याआधी एकोणसाठ वर्षांपासून माहीत होते. १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघावर फ्रान्सिस गॅरी पॉवर्स यांचे यू-२ हे अमेरिकी टेहळणी विमान एस-७५ क्षेपणास्त्राने पाडले, तेव्हा ते ग्लोबल हॉकपेक्षाही उंचावर, २१ किलोमीटरच्या आसपास होते. ग्लोबल हॉकच्या आरेखकांना हे पुरेपूर ठाऊक होते; म्हणून तर त्यांनी शत्रूच्या आकाशात घुसायचे काम डार्कस्टारकडे दिले होते. शिवाय ज्या उंचीवरून चारशे-पाचशे किलोमीटर दिसते, त्या उंचीवरचे विमान तितक्याच दुरून रडारलाही दिसते. क्षितिज दोन्ही बाजूंनी सारखेच उघडे असते.

वीस किलोमीटर

इराणचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री जवाद झरीफ यांनी मारा झाल्याची जागा जाहीर केली: उत्तर २५ अंश ५९ मिनिटे ४३ सेकंद, पूर्व ५७ अंश २ मिनिटे २५ सेकंद. अमेरिकेने दिलेली जागा: उत्तर २५ अंश ५७ मिनिटे ४२ सेकंद, पूर्व ५६ अंश ५० मिनिटे २२ सेकंद. दोन बिंदूंमधले अंतर काढले तर ते सुमारे वीस किलोमीटर भरते. ताशी सहाशे किलोमीटर वेगाच्या विमानाची ही दोन मिनिटांची वाट.

दोन राष्ट्रे युद्धाच्या उंबरठ्यावर आली ती या दोन मिनिटांवरून, आणि ही दोन मिनिटे तिसऱ्या कोणाला निर्णायकपणे तपासता येत नाहीत. विमानाची स्वतःची नोंद अमेरिकेकडे, रडारची नोंद इराणकडे. इराणने अवशेष आपल्या सागरी हद्दीतून काढल्याचे सांगून ते दुसऱ्या दिवशी मांडून दाखवले. पण त्यानेही प्रश्न मिटत नाही. पंधरा-अठरा किलोमीटर उंचीवर फुटलेल्या विमानाचे तुकडे खाली यायला मिनिटे लागतात. वेगामुळे आणि वाऱ्यामुळे ते कित्येक किलोमीटर सरकतात, आणि समुद्रात पडल्यावर प्रवाह त्यांना आणखी हलवतो. तुकडे कुठे सापडले यावरून विमान कुठे होते हे इतक्या काटेकोरपणे ठरत नाही. २५ जूनला रशियाच्या सुरक्षा परिषदेचे तत्कालीन सचिव निकोलाय पात्रुशेव्ह यांनी आपल्या लष्करी माहितीचा हवाला देऊन इराणची बाजू उचलून धरली. अमेरिकेने आपले म्हणणे बदलले नाही.

कायद्याची बाजू त्याहून गुंतागुंतीची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, ही सागरी हद्द आणि तिच्यावरचे आकाश त्या देशाचे. होर्मुझ सर्वांत अरुंद जागी चाळीस किलोमीटरही रुंद नाही. तिथे इराण आणि ओमान यांच्या हद्दी एकमेकींना भिडतात आणि मध्ये मोकळा समुद्र उरत नाही. अशा सामुद्रधुनीतून जहाजांना आणि विमानांना न थांबता पार होण्याचा हक्क १९८२च्या सागरी कायदा कराराने दिला आहे. पण इराणने त्या करारावर सही करूनही त्याला संमती दिलेली नाही, आणि तो हक्क करारातल्या सदस्यांपुरताच आहे असे इराण मानतो. अमेरिका करारात नाहीच. तरी तो हक्क सर्वमान्य प्रथेचा भाग आहे असे ती मानते. वर ‘पार होणे’ आणि ‘पार होता होता पाहणे’ यांच्यातली रेषा टेहळणी विमानाच्या बाबतीत कुठे काढायची?

इथे आराखडा आणि भूगोल यांची गाठ पडते. दोनशे किलोमीटरवरून पाहू शकणाऱ्या रडारचा फायदा जिथे दोनशे किलोमीटर मागे राहता येते तिथे. होर्मुझमधून जाणारे विमान मागे राहणार कुठे? जवळून जाण्याला टेहळणीच्या दृष्टीने कारणे होती, हे मान्य करायला हवे. किनाऱ्यावर डोंगर आहेत, बेटे आहेत. दुरून तिरक्या कोनातून पाहिले की त्यांच्या सावल्यांत छोट्या वेगवान बोटी आणि किनाऱ्यावरची वाहने झाकली जातात. कॅमेऱ्याला तर जवळीक हवीच. पण लांबून पाहण्यासाठी बांधलेल्या विमानाला जवळ नेल्यावर त्याच्याकडे बचावाचे एकच साधन उरते: समोरचा गोळी झाडणार नाही, हा भरवसा. दहा वर्षे तो पुरला.

रिकामे आसन

हाजीजादेह यांनी सांगितले की ग्लोबल हॉकच्या जवळच अमेरिकी नौदलाचे पी-८ हे टेहळणी विमानही होते, त्यात ३५ माणसे होती, आणि तेही पाडता आले असते. पण पाडले नाही. यातला प्रत्येक तपशील त्यांचा दावा म्हणूनच घ्यायला हवा. तरी निवडीमागचा विचार स्पष्ट दिसतो. ज्यात कोणी मरणार नाही ते लक्ष्य निवडायचे.

अमेरिकेच्या बाजूलाही हाच हिशेब झाला. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आधी इराणने फार मोठी चूक केल्याचे लिहिले. त्याच दिवशी विमानात कोणी नव्हते आणि असते तर फार फरक पडला असता, असेही ते म्हणाले. २१ जूनला त्यांनी सांगितले की तीन ठिकाणांवर प्रतिहल्ला ठरला होता, सुमारे १५० माणसे मरतील असे त्यांना कळले, आणि एक मानवरहित विमान पाडल्याच्या तुलनेत ते प्रमाणाबाहेर वाटल्याने दहा मिनिटे आधी त्यांनी तो थांबवला. २४ जूनला इराणच्या सर्वोच्च नेत्यावर निर्बंध लादले गेले.

मानवरहित विमानाचा गुण सांगताना ‘वैमानिकाचा जीव धोक्यात जात नाही’ हे वाक्य हमखास येते. ते खरे आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण होर्मुझने दाखवले की हा गुण समोरच्यालाही वापरता येतो. आसन रिकामे असल्याने पाडणाऱ्याला धाडस करणे सोपे जाते, आणि ज्याचे पडले त्याला संयम पाळणे सोपे जाते. दोन्ही एकाच वेळी घडते. १४ मार्च २०२३ रोजी काळ्या समुद्रावर रशियाच्या एसयू-२७ विमानाने अमेरिकी एमक्यू-९वर इंधन ओतले, त्याच्या पंख्याला धडक दिली, आणि ते समुद्रात गेले. तेव्हाही शब्दांची चकमक झाली, युद्ध झाले नाही. तिथे माणूस असता तर दोन्ही वेळा काय झाले असते, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

त्यानंतर

बॅम्स-डीची तैनाती २०२२ मध्ये संपली. हवाई दलाने ग्लोबल हॉकच्या जुन्या तुकड्या निवृत्त केल्या. त्यांतल्या काही विमानांना अतिवेगवान क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांवर वरून नजर ठेवण्याचे काम दिले गेले. उंची, चिकाटी आणि सभोवती मित्रांचे आकाश, या तिन्ही गोष्टी त्या कामात आहेत. मूळ आराखड्याला साजेसे असे ते काम आहे.

युक्रेनच्या युद्धात उरलेल्या ग्लोबल हॉकांचा वापर वेगळ्या शिस्तीने झालेला दिसतो. सिसिलीतल्या सिगोनेला तळावरून उडणारी ही विमाने फेब्रुवारी २०२२ पर्यंत युक्रेनच्या आकाशात जात असत. रशियाचे आक्रमण सुरू झाल्यावर ती मागे सरली आणि नाटो देशांवरून आणि काळ्या समुद्राच्या आंतरराष्ट्रीय पट्ट्यातून आत पाहू लागली. लांबून पाहण्याचा जो गुण होर्मुझच्या चिंचोळ्या जागेत वाया गेला, तो तिथे उपयोगी पडला.

नौदलाचे ट्रायटन सप्टेंबर २०२३ मध्ये प्राथमिक कार्यक्षमतेला पोहोचले. त्याचे पंख मजबूत केलेले आहेत आणि बर्फ साचू नये याची सोय त्यात आहे. त्यामुळे ते ढगांखाली उतरून एखादे जहाज जवळून पाहू शकते आणि पुन्हा वर जाऊ शकते. आरक्यू-४एला हे जमत नव्हते. रडार नवे आहे, चारही दिशांना पाहणारे. समुद्रावरच्या पाळतीसाठी हे बदल अगदी योग्य आहेत. आकार, वेग आणि रडारवरची ठळक ओळख यांत मात्र ते ग्लोबल हॉकचेच वारसदार आहे. ट्रकवरच्या क्षेपणास्त्राच्या पल्ल्यात ते शिरले, तर २० जूनच्या पहाटेचे गणित त्यालाही जसेच्या तसे लागू पडते. म्हणून ट्रायटनच्या मोहिमेचा मार्ग कोण आखतो आणि किनाऱ्यापासून किती दूर आखतो, हे त्याच्या रडारइतकेच बारकाईने पाहायला हवे.